डिप्रेशनच्या गोळ्यांवरची बातमी कशी वाचावी: मथळ्यापासून मूळ आकड्यापर्यंत

फेब्रुवारी २००८मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’च्या मथळ्याचा आशय असा होता: चार कोटी लोकांनी वापरलेलं प्रोझॅक हे डिप्रेशनवरचं औषध काम करत नाही, असं शास्त्रज्ञ म्हणतात. फेब्रुवारी २०१८मध्ये त्याच वृत्तपत्राने लिहिलं की औषधं काम करतात, अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरची औषधं) परिणामकारक असल्याचं संशोधनातून दिसलं. मधल्या दहा वर्षांत गोळ्या काही सुधारल्या नव्हत्या. ज्या दोन शोधनिबंधांवर या बातम्या उभ्या होत्या, त्यांतला मुख्य आकडाही फारसा हलला नव्हता. एका गटाला औषध दिलं होतं, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. या दोन गटांच्या सुधारणेतला फरक २००८मध्ये ०.३२ निघाला आणि २०१८मध्ये ०.३० (हे माप कसलं, ते पाचव्या पायरीत). जवळपास एकाच आकड्याला दोन उलटे मथळे मिळाले.

अशा बातम्या स्वतः तपासता याव्यात म्हणून हा लेख. संख्याशास्त्र यायलाच हवं असं नाही. बेरीज-वजाबाकी आणि थोडी चिकाटी पुरते. प्रत्येक बातमीला सगळ्या पायऱ्या लागतातच असंही नाही. वेळ कमी असेल तर तिसरी आणि पाचवी पायरी मात्र सोडू नका, बहुतेक गफलती तिथेच होतात.

पायरी १: बातमी वाचून गोळी बंद करू नका, सुरूही करू नका

हे आधी सांगायला हवं, कारण ‘काम करत नाही’ अशी बातमी ज्यांच्या हाती पडते त्यांतले कित्येक जण ती गोळी रोज घेत असतात. एकदम थांबवल्यावर चक्कर, डोकेदुखी, झोप उडणं, चिडचिड असे त्रास होऊ शकतात. २०२४मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या जर्नलमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार औषध थांबवणाऱ्यांपैकी साधारण ३१ टक्के लोकांना असं काही ना काही जाणवलं. प्लासिबो थांबवणाऱ्यांतही ते प्रमाण १७ टक्के होतं. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला झाला. (बातमीत फक्त ३१ छापलं आणि १७ गाळलं तर चित्र किती बदलतं ते इथेच पाहून ठेवा. हा खेळ पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.)

गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर बातमी बाजूला ठेवून त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्या.

पायरी २: मूळ शोधनिबंध गाठा

बातमीत जर्नलचं नाव, वर्ष आणि प्रमुख संशोधकाचं नाव शोधा. दुवा दिलेला नसला तरी एवढ्यावर पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, निबंध सापडतो. गोषवारा सहसा मोफत असतो, आणि या विषयातले अनेक महत्त्वाचे निबंध पूर्णही मोफत वाचता येतात. सुरुवातीला सांगितलेले दोन्ही तसेच आहेत: अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांचा २००८चा निबंध ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आहे, तर अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांचा २०१८चा ‘लॅन्सेट’मध्ये.

जर्नलचं नावच नसेल तर सावध व्हा. बातमी एखाद्या परिषदेतल्या सादरीकरणावर बेतलेली असू शकते, कंपनीच्या पत्रकावर असू शकते, किंवा प्रयोग उंदरांवर झालेला असू शकतो. अशा बातमीवर मी तरी आणखी वेळ घालवत नाही.

पायरी ३: संशोधनाने नेमका कोणता प्रश्न विचारला होता?

‘गोळ्या काम करतात का’ हा मथळ्याचा प्रश्न असतो. संशोधनाचा प्रश्न त्याहून बराच अरुंद असतो, कधी कधी तर निराळाच.

सर्वांत ठळक उदाहरण जुलै २०२२चं. जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी ‘मॉलिक्युलर सायकियाट्री’त आढावा प्रसिद्ध केला. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं या कल्पनेला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अनेक ठिकाणी तो ‘अँटिडिप्रेसंट निरुपयोगी’ अशा थाटात पोहोचला. पण त्या आढाव्यात गोळ्यांच्या परिणामकारकतेची तपासणी नव्हतीच. आजार कशामुळे होतो हा एक प्रश्न आणि औषधाने आराम पडतो का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘माहीत नाही’ असलं तरी दुसऱ्याचं उत्तर चाचण्यांतून स्वतंत्रपणे मिळतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे: गोळीने बरं वाटलं म्हणून सेरोटोनिनची कमतरता होती असं सिद्ध होत नाही. या आढाव्यावर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला, पण मथळ्यांचा घोळ त्या वादाच्या आधीच होऊन गेला होता.

दुसरं उदाहरण ब्रिटनमधल्या ‘अँटलर’ चाचणीचं, प्रसिद्धी २०२१. दीर्घकाळ गोळ्या घेऊन आता बरं वाटणारे, थांबवण्याचा विचार करणारे ४७८ लोक. अर्ध्यांची गोळी चालू ठेवली, अर्ध्यांची हळूहळू कमी करून प्लासिबोवर आणली. वर्षभरात गोळी चालू असलेल्या गटात ३९ टक्के लोकांना नैराश्य परतलं, थांबवलेल्या गटात ५६ टक्के लोकांना. यातून ‘गोळी सोडणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना पुन्हा डिप्रेशन’ असा मथळा निघतो. ‘चाळीस टक्क्यांहून अधिक लोक गोळीविना ठीक’ असाही निघतो. ‘गोळी चालू असूनही ३९ टक्के लोकांना त्रास परतला’ हाही निघतो. तिन्ही खरे आहेत, आणि तिन्हींतला एकही अजून गोळी सुरूच न केलेल्या माणसाला काही सांगत नाही.

म्हणून निबंधाच्या गोषवाऱ्यातलं उद्दिष्टाचं वाक्य वाचा आणि आपल्या भाषेत एका ओळीत लिहून काढा: कोणत्या लोकांना, काय दिलं, कशाशी तुलना केली, किती काळाने काय मोजलं. मग मथळा त्या ओळीशेजारी ठेवा. निम्म्या वेळा इथेच काम संपतं.

पायरी ४: तुलना कुणाशी?

नैराश्याचा झटका अनेकदा आपणहून ओसरतो. लोक सर्वांत वाईट अवस्थेत डॉक्टरकडे येतात, त्यामुळे पुढच्या आठवड्यांत काही सुधारणा तशीही दिसते. चाचणीत कुणीतरी नियमित विचारपूस करतं, त्याचाही परिणाम होतो. हे सगळं औषधाच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून प्लासिबोचा गट लागतो. बातमीत ‘७० टक्के रुग्णांना फायदा’ असं असेल आणि दुसऱ्या गटाचा आकडा नसेल, तर त्या ७०ला अर्थ नाही.

अमेरिकेतली ‘स्टार-डी’ ही मोठी चाचणी इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका औषधाने बरं वाटलं नाही तर दुसरं, मग तिसरं, असे चार टप्पे त्यात होते. २००६मध्ये सांगितलेला ६७ टक्के लोक लक्षणमुक्त झाल्याचा आकडा पुढे वर्षानुवर्षं माध्यमांत फिरला. त्यात प्लासिबोचा गट नव्हता. शिवाय मधूनच सोडून गेलेले लोक थांबले असते तर तेही इतरांइतकेच बरे झाले असते, हे गृहीत धरून तो काढलेला होता. २०२३मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या फेरविश्लेषणाने, चाचणीच्या मूळ आराखड्याप्रमाणे मोजल्यास तो ३५ टक्के भरतो, असं म्हटलं. मूळ संशोधकांना हे मान्य नाही. वाद कुणी जिंकला यापेक्षा बातमी वाचणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की सोडून गेलेल्यांचा हिशेब कसा केला, यावर आकडा जवळपास दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो.

पायरी ५: फरक किती, आणि कोणत्या मापाने?

इथे जरा थांबावं लागेल.

बहुतेक चाचण्यांत हॅमिल्टन मोजपट्टी वापरतात. मॅक्स हॅमिल्टन यांनी ती १९६०मध्ये मांडली. नेहमीच्या आवृत्तीत १७ बाबी आणि ० ते ५२ गुण. गुण जितके जास्त तितकं नैराश्य तीव्र. या १७पैकी तीन बाबी झोपेच्या आहेत आणि त्यांना मिळून ६ गुण आहेत. म्हणजे ज्या औषधाने गुंगी येते, त्याने मन फारसं न सुधारताही गुण खाली येऊ शकतात. बातमीत हे कधीच नसतं.

आता कर्श यांचे आकडे पाहा. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे, म्हणजे एफडीएकडे, सादर झालेल्या चार औषधांच्या ३५ चाचण्या त्यांनी एकत्र केल्या. औषध गटात सरासरी ९.६ गुणांची सुधारणा, प्लासिबो गटात ७.८. फरक १.८ गुण. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तेव्हा ३ गुणांची रेघ अर्थपूर्ण फरकासाठी धरली होती. त्या रेघेपर्यंत हा सरासरी फरक पोहोचत नाही, ती गाठली जाते ती अतितीव्र नैराश्य असलेल्यांत, असं कर्श यांनी लिहिलं. ‘फरक आहे पण ठरवलेल्या रेघेपेक्षा लहान आहे’ याचं ‘काम करत नाही’ झालं. ती रेघ ३वरच का, २ किंवा ४वर का नाही, हा साधा प्रश्न बातम्यांत फारसा कुणी विचारला नाही.

चिप्रियानी यांचं विश्लेषण फार मोठं होतं: २१ औषधं, ५२२ चाचण्या, १,१६,४७७ लोक. सर्व २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली. पण सरासरी किती सरस, तर तेच ०.३०. हा आकडा दोन गटांतला फरक गुणांच्या पसाऱ्याशी, म्हणजे ते माणसागणिक किती वर-खाली होतात त्याच्याशी, ताडून काढलेला असतो. हॅमिल्टनच्या ५२ गुणांच्या पट्टीवर तो साधारण दोन गुणांच्या आसपास येतो. तेव्हा ‘एकविसाव्या औषधापर्यंत सगळी पास’ ही बातमी खरी होती आणि ‘वाद कायमचा मिटला’ हा तिचा सूर चुकीचा होता.

यापुढचा सापळा गुणोत्तराचा. चिप्रियानी यांच्या तक्त्यात अमिट्रिप्टिलिनसमोर २.१३ आणि रेबॉक्सेटिनसमोर १.३७ असे आकडे आहेत. काही बातम्यांत पहिल्याचा अर्थ ‘प्लासिबोच्या दुपटीहून प्रभावी’ असा लावला जातो. तो चुकीचा आहे, कारण हे ‘ऑड्स’चं गुणोत्तर आहे. ऑड्स म्हणजे आराम पडलेले भागिले न पडलेले. करून पाहा. समजा प्लासिबोने १००पैकी ४० जणांना चांगला आराम पडला. न पडलेले ६०. तर ऑड्स ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७. त्याला २.१३ने गुणलं की १.४२. याचं टक्क्यांत रूपांतर करायचं तर १.४२ला २.४२ने भागा: साधारण ५९. म्हणजे ४०चे ५९ झाले, ८५ नव्हेत. हीच आकडेमोड १.३७साठी केली तर ४०चे ४८ होतात. मी अशी प्रत्येक बातमी शंभर माणसांवर उतरवून पाहतो. ‘दुप्पट’, ‘६६ टक्क्यांनी अधिक’ वगैरे शब्दांचा फुगा तिथे लगेच बसतो.

‘चांगला आराम पडला’ म्हणजे काय, हेही पाहा. बहुतेक चाचण्यांत सुरुवातीचे गुण निम्म्यावर आले की माणूस ‘प्रतिसाद दिलेला’ धरला जातो. २४वरून १२वर आलेला आत, १३वर थांबलेला बाहेर. दोघांच्या जगण्यात फरक काय असेल ते तुम्हीच ठरवा. लक्षणमुक्त म्हणजे सहसा ७ किंवा कमी गुण. तो आकडा प्रतिसादाच्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो. बातमीत दोन्हींसाठी ‘बरे झाले’ असं छापून येतं.

शेवटी सरासरीबद्दल. दोन गुणांचा सरासरी फरक म्हणजे प्रत्येकाचे दोन-दोन गुण जास्त उतरले असं नाही. २०२२मध्ये ‘बीएमजे’त एफडीएकडच्या २३२ चाचण्यांतल्या ७३,३८८ लोकांच्या व्यक्तिगत नोंदींचं विश्लेषण आलं. सरासरी फरक १.७५ गुण, पुन्हा तोच परिसर. पण त्यात असं दिसलं की साधारण १५ टक्के लोकांना प्लासिबोपलीकडे भरीव फायदा होतो. ते १५ टक्के कोण, हे आधी ओळखता येत नाही. ‘माझ्या बहिणीचा तर गोळीने जीव वाचला’ आणि ‘मला काहीच फरक पडला नाही’ ही दोन्ही माणसं या आकड्यांत बसतात. त्यामुळे बातमीखाली त्यांनी एकमेकांना खोटं पाडण्याचं कारण नाही.

पायरी ६: कोणते लोक, किती आठवडे?

चिप्रियानी यांच्या विश्लेषणातला मुख्य निकाल साधारण आठ आठवड्यांचा आहे. अनेक लोक गोळी वर्षानुवर्षं घेतात. बातमी हे अंतर सहसा ओलांडून जाते.

तीव्रताही महत्त्वाची. २०१०मध्ये ‘जामा’त सहा चाचण्यांतल्या ७१८ लोकांचं विश्लेषण आलं: सौम्य-मध्यम नैराश्यात औषधाचा जादा फायदा नगण्य, अतितीव्र नैराश्यात लक्षणीय. सहाच चाचण्या असल्याने हा शेवटचा शब्द नव्हे, पण ‘कुणाला’ हा प्रश्न तरी त्यांनी विचारला होता. शिवाय आत्महत्येचा धोका, व्यसन किंवा दुसरे आजार असलेल्यांना कंपन्यांच्या चाचण्यांत बहुधा घेत नाहीत. ‘स्टार-डी’तल्या खऱ्याखुऱ्या रुग्णांपैकी साधारण २२ टक्केच अशा नेहमीच्या चाचणीच्या अटींत बसले असते.

पायरी ७: जे छापलंच गेलं नाही ते

जानेवारी २००८मध्ये, म्हणजे कर्श यांच्या महिनाभर आधी, एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक हिशेब मांडला. एफडीएकडे नोंद असलेल्या ७४ चाचण्यांपैकी ३८ औषधाच्या बाजूने होत्या. त्यांतल्या ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ नकारात्मक किंवा शंकास्पद होत्या. त्यांतल्या २२ प्रसिद्धच झाल्या नाहीत, ११ सकारात्मक वाटाव्यात अशा रीतीने लिहिल्या गेल्या आणि फक्त ३ जशा होत्या तशा आल्या. जर्नलं वाचणाऱ्याला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या, नियामकाला ५१ टक्के.

माझ्या मते या विषयावरचं हे सर्वांत महत्त्वाचं संशोधन आहे, आणि ‘प्रोझॅक चालत नाही’च्या गदारोळात त्याची पुरेशी चर्चा झाली नाही. बातमीदाराने कितीही प्रामाणिकपणे जर्नल वाचलं असतं तरी तो फसलाच असता.

वाचक म्हणून तुम्ही दोन गोष्टी करू शकता. निबंधाच्या शेवटी पैसा कुणी दिला आणि लेखकांचे हितसंबंध काय, ते वाचा. चाचणीचा नोंदणी क्रमांक असेल तर क्लिनिकलट्रायल्स-डॉट-गव्ह या चाचण्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर जाऊन आधी ठरवलेला मुख्य निकष आणि छापलेला निकष एकच आहे का, ते पाहा. किशोरवयीनांवरच्या पॅरॉक्सेटिन या अँटिडिप्रेसंटच्या ‘स्टडी ३२९’ या चाचणीत आधी ठरवलेल्या मुख्य निकषांवर औषध सरस नव्हतं, तरी २००१च्या निबंधात ते परिणामकारक म्हटलं गेलं. २०१५मध्ये ‘बीएमजे’त त्याच आकड्यांचं फेरविश्लेषण आलं, तेव्हा परिणाम दिसला नाही आणि हानी मात्र जास्त दिसली.

पायरी ८: प्रसिद्धिपत्रक उघडा

अतिशयोक्तीचा दोष आपण पटकन पत्रकारांवर टाकतो. पेट्रॉक समनर आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. ४० टक्के पत्रकांत मूळ निबंधात नसलेला किंवा त्याहून ठाम सल्ला होता. पत्रकात सल्ला फुगवलेला असेल तेव्हा ५८ टक्के बातम्यांत तो फुगलेला आला. पत्रक सरळ असेल तेव्हा १७ टक्के बातम्यांत. पत्रक फुगवल्याने प्रसिद्धी जास्त मिळाल्याचाही फारसा पुरावा त्यांना दिसला नाही.

पत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा ‘युरेकअलर्ट’ या विज्ञानविषयक प्रसिद्धिपत्रकांच्या संकेतस्थळावर मिळतं. बातमीतली वाक्यं पत्रकात जशीच्या तशी सापडली तर बातमीदाराने निबंध उघडला होता का, याचा अंदाज येतो. प्रतिक्रिया देणाऱ्या तज्ज्ञाचाही पत्ता काढा: तो अभ्यासाचा लेखक आहे, की त्यात नसलेला, आणि त्याची आधीची भूमिका काय?

पायरी ९: दुष्परिणामांच्या बातमीलाही हीच फूटपट्टी

संशय फक्त ‘काम करतात’ म्हणणाऱ्यांवर घ्यायचा, असं नाही. २००४मध्ये एफडीएने मुलं आणि किशोरांसाठी गोळ्यांच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापायला लावला. आधारभूत चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध गटात साधारण ४ टक्के, प्लासिबो गटात २ टक्के होतं. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. ‘धोका दुप्पट’ खरं, ‘शंभरात दोन जादा’ हेही खरं, आणि ‘गोळ्यांमुळे मुलांच्या आत्महत्या’ हे त्या आकड्यांतून निघत नाही. २००७मध्ये इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला. म्हणून या वयात गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवणं गरजेचं आहे.

पायरी १०: बातमी घेऊन डॉक्टरांकडे जाताना

मथळा दाखवून ‘हे खरं का’ असं विचारलं तर उत्तरही मथळ्याइतकंच आखूड मिळतं. त्याऐवजी असं विचारा: माझं नैराश्य या अभ्यासातल्या लोकांइतकं तीव्र आहे का? या गोळीने फरक पडतोय की नाही, हे आपण कशावरून आणि किती आठवड्यांनी ठरवणार? नाही पडला तर पुढे काय? मानसोपचार, म्हणजे बोलण्याची थेरपी, माझ्या बाबतीत गोळीऐवजी की गोळीसोबत? कधी थांबवायचं आणि ते कसं?

आणि बातमी कुणाला पुढे पाठवणार असाल, विशेषतः जी व्यक्ती गोळ्या घेते आहे असं तुम्हाला ठाऊक आहे तिला, तर सोबत तिसऱ्या पायरीत लिहून काढलेली ती एक ओळ जोडा. ती ओळ लिहिता येत नसेल तर बातमी पाठवू नका.